कोबेचे निर्वासित आणि जनरल सिकोर्स्की

१९४०-४१ साली दोन हजारांहून अधिक पोलिश यहुदी लिथुआनियामार्गे कोबे बंदरी पोहोचले. त्यांना व्हिसा मिळावेत म्हणून टोकियोतील पोलिश राजदूत तादेउश रोमेर झटले. रोमेर यांचे सरकार लंडनमध्ये परागंदा होते. त्याचे पंतप्रधान व सरसेनापती जनरल व्लादिस्लाव सिकोर्स्की. त्यांच्या मृत्यूविषयी मला आज बोलावयाचे आहे.

४ जुलै १९४३ रोजी जिब्राल्टरहून उडालेले त्यांचे विमान काही क्षणांतच समुद्रात कोसळले. वैमानिक तेवढा वाचला. सिकोर्स्कींच्या कन्येचा देह सापडलाच नाही. विमानाची सुकाणूयंत्रणा अडकली, घातपात नव्हे, असा ब्रिटिश चौकशीचा निष्कर्ष होता. ती का अडकली, हे मात्र उलगडले नाही. संशयाला तेवढे पुरले. कातिनच्या हत्याकांडावरून त्याच एप्रिलमध्ये मॉस्कोने सिकोर्स्कींच्या सरकारशी संबंध तोडले होते. १९६७ साली एका जर्मन नाटककाराने चर्चिल यांच्यावरच ठपका ठेवला. त्या वैमानिकाने १९७२ मध्ये लंडनच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा जिंकला. चर्चिलवरील आरोप मला कधीच पटला नाही. मॉस्कोविषयी इतक्या ठामपणे बोलवत नाही.

२००८ साली क्राकोत शवपेटी उघडली. गोळीची वा गळा आवळल्याची खूण नव्हती. जखमा विमान-अपघाताच्याच होत्या. पण यंत्राला कोणाचा हात लागला होता काय, हे अस्थींना कसे ठाऊक असणार? २०१३ साली पोलिश तपास थांबला: घातपात सिद्ध होत नाही, नाकारताही येत नाही.

त्या जुलैतच नवे पोलिश सरकार आले. परराष्ट्रमंत्री झाले रोमेर.