पाउंड-बल आणि न्यूटन : बलाच्या एककांचे रूपांतर

न्यूटन हे मेट्रिक पद्धतीतील, तर पाउंड-बल हे ब्रिटिश पद्धतीतील बलाचे एकक. १ किग्रॅ. वस्तुमानात १ मी. प्रति सेकंद वर्ग त्वरण निर्माण करणारे बल म्हणजे १ न्यूटन. हे नाव १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेने स्वीकारले. १ पाउंड वस्तुमानाचे प्रमाण गुरुत्वत्वरणाखाली भरणारे वजन म्हणजे १ पाउंड-बल. न्यूटनच्या व्याख्येत पृथ्वी कुठेच येत नाही. पाउंड-बलाच्या व्याख्येत ती आधीच धरलेली असते. रूपांतरातल्या अनेक चुका इथूनच निघतात.

रूपांतराचा गुणक दोन ठरावीक आकड्यांवरून मिळतो. १९५९ च्या करारानुसार १ पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किग्रॅ.; १९०१ मध्ये ठरलेले प्रमाण गुरुत्वत्वरण ९.८०६६५ मी. प्रति सेकंद वर्ग. दोन्ही आकडे मोजलेले नसून ठरवलेले असल्याने त्यांचा गुणाकारही नेमका येतो : १ पाउंड-बल = ४.४४८२२१६१५२६०५ न्यूटन. वर्कशॉपमध्ये ४.४५ पुरते. ५०० पाउंड-बलाची ओढ म्हणजे सुमारे २,२२४ न्यूटन, किंवा २२६.८ किलोग्रॅम-बल. यातला दुसरा आकडा काढताना ९.८०६६५ ने भागावे लागते. किलोग्रॅम-बल, म्हणजे १ किग्रॅ. वस्तुमानाचे प्रमाण गुरुत्वत्वरणाखालचे वजन, मेट्रिक वळणाचे असले, तरी न्यूटन नव्हे.

पाउंडल हे एकक वेगळे : १ पाउंड वस्तुमानात १ फूट प्रति सेकंद वर्ग त्वरण निर्माण करणारे बल, म्हणजे सुमारे ०.१३८३ न्यूटन. ३२.१७४ पाउंडल मिळून एक पाउंड-बल होते. अमेरिकी बांधकाम अभियंत्यांचा ‘किप’ म्हणजे १,००० पाउंड-बल. टन-बल वाचताना मात्र सावध राहावे : ब्रिटिश टन २,२४० पाउंडांचा, अमेरिकी २,००० पाउंडांचा.

मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे अमेरिकी यान एककांच्या घोळापायीच गेले. प्रवासात त्याची स्थिती सावरण्यासाठी छोटे थ्रस्टर पुन्हापुन्हा पेटवावे लागत. त्यांच्या आवेगाचे आकडे पृथ्वीवरच्या एका सॉफ्टवेअरने पाउंड-बल-सेकंदांत दिले. मार्गाचे गणित करणाऱ्यांनी ते, ठरल्याप्रमाणे, न्यूटन-सेकंद मानले. प्रत्येक धक्का खऱ्यापेक्षा ४.४५ पट लहान धरला गेला. एकेक धक्का किरकोळ, पण महिनोन्‌महिने चूक साचत गेली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान आखलेल्या सुमारे २२६ किमी.ऐवजी मंगळापासून जेमतेम ५७ किमी. उंचीवर पोहोचले आणि नष्ट झाले. गुणक शाळकरी मुलालाही करता येईल इतका सोपा होता. तो लावला मात्र गेला नाही.

दाब आणि टॉर्क यांत बलाबरोबर लांबीचेही एकक बदलावे लागते. पेट्रोल पंपावर टायरची हवा आजही पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचावरील पाउंड-बलात भरतात : ३० पीएसआय म्हणजे सुमारे २०७ किलोपास्कल. टॉर्कसाठी १ फूट-पाउंड = १.३५६ न्यूटन-मीटर.