टिमूला ते रेवदंडा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ईजिप्तच्या उत्तर किनाऱ्यावरील अलेक्झांड्रिया नगरात टॉलेमी हा भूगोलवेत्ता राहत होता. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता. तरीही पश्चिम किनाऱ्यावरील सिमिल्ला या बाजारपेठेविषयी लिहिताना त्याने एक बारीक नोंद करून ठेवली : तिकडे जाऊन आलेले व्यापारी सांगतात की, तेथील रहिवासी आपल्या गावाला टिमूला म्हणतात. परकीयांनी ठेवलेले नाव निराळे आणि गावकऱ्यांच्या तोंडचे नाव निराळे, हा विवेक राखणाऱ्या या ग्रंथकाराविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. विद्वानांच्या मते ही सिमिल्ला म्हणजे रायगड जिल्ह्यातील, अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिकेच्या मुखाशी वसलेले आपले चौल होय.

भिलाईच्या कोहक्यासारख्या, समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वस्तीत राहणाऱ्या मराठी माणसाला अलेक्झांड्रिया आणि चौल यांचे हे नाते काहीसे नवलाचे वाटेल. पण चौलच्या उत्कर्षाचे आणि ऱ्हासाचेही धागे वारंवार ईजिप्तपर्यंत जाऊन पोचतात. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीतून कॉप्टॉसपर्यंत, तेथून उंटांवरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरास, आणि मग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या पाठबळावर थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यास, असा तो मार्ग होता. बेरेनिकेच्या उत्खननात हिंदी रांजणात भरलेले साडेसात किलो काळे मिरे सापडले आणि सागवानी लाकूडही मिळाले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात कल्याणच्या पाठोपाठ चौलचे नाव येते. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख कोरलेले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना अलीकडे चौलच्या परिसरात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले, तेव्हा या साऱ्या लेखी पुराव्याला मातीचीही साक्ष लाभली.

पुढे रोमचा व्यापार ओसरला आणि अरब नाखवे आले. त्यांच्या लेखी हे बंदर सैमूर. इसवी सन 916 मध्ये अल् मसूदी हा बगदादचा इतिहासकार येथे येऊन गेला. गावात शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेले, तसेच येथेच जन्मलेले मिळून सुमारे 10,000 मुसलमान तेथे नांदत होते, असे तो सांगतो. त्यांचे तंटे सोडविण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमला होता. ही व्यवस्था केवळ औदार्यातून निर्माण झाली असे मी मानीत नाही. परक्या व्यापाऱ्याला आपल्या मालाची आणि आपल्या रीतिभातींची शाश्वती मिळाली नाही, तर तो पुढच्या मोसमात शेजारच्या बंदराकडे वळतो, हे शिलाहारांना नेमके उमगले होते.

पंधराव्या शतकात त्वेर येथील रशियन व्यापारी अफानासी निकितीन हिंदुस्थानात उतरला तो चौललाच. गोरा माणूस पाहण्यासाठी आपल्यामागे गर्दी लोटे, हे त्याने गमतीने लिहून ठेवले आहे. रेवदंड्यास 2002 साली त्याचे स्मारक उभारण्यात आले.

यानंतर ईजिप्त पुन्हा चौलच्या इतिहासात येते, पण या वेळी तोफा घेऊन. 1498 मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि तांबड्या समुद्राच्या मार्गाने कैरो व अलेक्झांड्रियास जाणाऱ्या मसाल्याच्या व्यापारावर गदा आली. त्या मालावरील जकात हा मामलुक सुलतानाचा मोठा आधार. त्याने सुवेझला आरमार बांधविले आणि अमीर हुसेनच्या हाताखाली ते हिंदुस्थानकडे धाडले. मार्च 1508 मध्ये, दीवच्या मलिक अयाजच्या साहाय्याने, या आरमाराने चौलच्या खाडीत पोर्तुगीजांना गाठले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा पुत्र लोरेंसो द आल्मेदा याचे जहाज माघार घेताना मासे पकडण्यासाठी खाडीत रोवलेल्या खांबांत अडकले, आणि तो तेथेच पडला. सुलतान आणि पोर्तुगालचा राजा यांच्या झुंजीचा निकाल कोळ्यांच्या त्या साध्या खांबांनी लावला असे म्हटले, तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मात्र हा विजय वर्षभरही टिकला नाही. फेब्रुवारी 1509 मध्ये बापाने दीवपाशी सूड उगवला.

चौल तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होते. 1516 मध्ये पोर्तुगीजांना तेथे वखार मिळाली आणि 1521 मध्ये किल्ल्याची परवानगी मिळाली. हाच पुढे रेवदंड्याचा कोट झाला. ही सवलत किती महागात पडली ते अहमदनगरकरांना पन्नास वर्षांनी कळले. मुर्तजा निजामशहाने 1570–71 मध्ये घातलेला प्रचंड वेढा फसला, आणि 1594 मध्ये समोरच्या कोर्लईची टेकडीही हातची गेली. संभाजी महाराजांनी 1683 मध्ये चौलवर मोर्चा लावला, तोही सिद्धीस गेला नाही. अखेर 1739 मध्ये वसई पडल्यानंतर, 1740 च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले.

पण हाती आले ते कोणते चौल? खाडीतील गाळाला दोष देण्याचा प्रघात आहे, आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि माझ्या मते खरे कारण त्याहून जुने आहे. पोर्तुगीज परवान्यावाचून जहाज हाकारता येत नाही अशी स्थिती आली, त्या दिवशीच सैमूरची ती मोकळी पेठ संपली होती. पुढे 1668 मध्ये इंग्रज कंपनीच्या ताब्यात गेलेल्या मुंबईने उरलेला व्यापार ओढून घेतला, आणि चौलचे नामांकित रेशीम विणणारे कारागीरही तिकडे जाऊन राहिले. आपण मराठी माणसे इतिहास शोधण्यासाठी सह्याद्रीचे गड चढतो. चौलसारख्या बंदराकडे मात्र सहलीपुरतेच वळतो, याची खंत वाटते.

आज रेवदंड्यास नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून पडक्या चर्चच्या भिंती डोकावतात, आणि सातखणी मनोरा दुरून दिसतो. चौलात रामेश्वराच्या मंदिरापुढे पुष्करिणीचे पाणी संथ पडून असते. आणि खाडीपलीकडे कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे घरात एक बोली बोलतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज आणि वाक्याची ठेवण मराठी. तिला ते ‘नोलिंग’ म्हणतात. नोलिंग म्हणजे आमची भाषा.