आग्या वेताळाची कुळकथा

अमावास्येच्या रात्री माळावरून पलित्यांची रांग सरकताना दिसली, तर ती वेताळाची फेरी. मागे जाऊ नये. कोकणपट्टीत ही ताकीद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती छापील कागदावर नीट गोळा होण्याचं श्रेय नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याला. लोकसमजुतींची प्रश्नावली त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडे धाडली होती. 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी त्याला गोळ्या घातल्या, आणि मागे राहिलेल्या टिपणांतून आर. ई. एन्थोवेन यांनी 1915 मध्ये कोकणावरचा खंड काढला. त्या खंडाचा हेतू समजुती टिपण्याचा होता, उजेडाची वेळ न्‌ दिशा मोजण्याचा नव्हे. म्हणून भुताचं कुळ सापडतं. दिव्याचं आपल्यालाच शोधावं लागतं.

याच पट्टीतल्या शहापूर-मुरबाड तालुक्यांत दिव्याची कुळं एकाहून जास्त आहेत. मुरबाडातला सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात मोडतो, आणि भीमाशंकरच्या रानात भर पावसात कुजकी लाकडं रात्री हिरवट उजळतात. लोक त्यांना ज्योतिवंती म्हणतात. लाकडात वाढलेल्या बुरशीची ती करामत. असल्या लाकडाला हवा लागते हे रॉबर्ट बॉइलने 1667 मध्येच दाखवलं: हवा काढून घेतली की उजेड मावळे, परत सोडली की उजळे. पण ही बुरशी जागची हलत नाही, त्यामुळे चालत्या पलित्यांचा उलगडा तिने होत नाही.

मग दलदलीचा वायू पुढे केला जातो. 1776 मध्ये व्होल्टाने माज्जोरे सरोवराच्या गाळातून तो गोळा केला, तेव्हापासून ‘मिथेन पेटतो’ हे उत्तर तयारच असतं. मला ते भुताइतकंच आयतं वाटतं. मिथेन आपणहून पेटत नाही, ठिणगी लागते. लेस्टरच्या ॲलन मिल्स यांनी 1980 च्या सुमारास प्रयोगशाळेत दलदलीवरचा असा थंड उजेड करून पाहिला. हिरवट चमक मिळाली, पण सोबत उग्र धूरही. जुन्या वर्णनांत तो धूर नाही. 2025 मध्ये पाण्यातल्या बारीक बुडबुड्यांदरम्यान सूक्ष्म विजा चमकतात असा प्रयोग प्रसिद्ध झाला, तेव्हा ठिणगीचा शोध थोडा पुढे सरकला. तरी माळावरच्या रांगेपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

रांग सर्वांत सहज समजते ती माणसांच्या दिव्यांनी. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओहोळातून शेतात चढतात, तेव्हा माणसं रात्रीच टेंभे, आता बॅटऱ्या, घेऊन निघतात. बांधाआड एकेक दिवा लपतो, पुन्हा वर येतो. उन्हाळ्यात राब भाजल्याचे निखारे दूरवर धुमसतात. आणि शहापुरातलं आटगाव तर रेल्वेवरच: आसनगाव ते कसारा लोहमार्ग 1861 मध्ये सुरू झाला. इंजिनाचा दिवा झाडीआडून दिसला, की जवळ आहे की दूर हे डोळ्याला कळत नाही. शेजारून मुंबई-आग्रा रस्ता, म्हणजे मोटारींचे दिवेही आले.

मोटारींवरून मिशिगनमधल्या पॉल्डिंगची आठवण येते. तिथला ‘भुताचा’ दिवा अनेक वर्षं लोक रात्री पाहायला जमत. 2010 मध्ये मिशिगन टेकच्या विद्यार्थ्यांनी दुर्बीण लावली, एक गाडी ठरल्या वेळी हमरस्त्यावरून चालवली, आणि दिवा तिच्याबरोबर दिसला-विझला. खोटं कोणीच बोलत नव्हतं. पाहणाऱ्यांना दिवा खरोखर दिसत होता. उलट नॉर्वेच्या हेसडालेन खोऱ्यात 1983 पासून शास्त्रज्ञ पाहणी करत आहेत आणि तिथल्या काही उजेडांचा उलगडा अजून झालेला नाही. माझ्या लेखी दोन्ही निकाल सारखेच आदराचे.

तेव्हा आटगावच्या बाजूला असा उजेड दिसलाच, तर घड्याळ पाहा, लांबच्या एखाद्या झाडाच्या शेंड्याशी त्याची रेषा जुळवा, सोबतीला दुसऱ्या जागेवरून पाहायला सांगा. दोन रेषा जिथे मिळतील ती जागा नकाशावर शोधा, आणि त्या वेळी कसाऱ्याची लोकल होती का, तेही तपासा. काहीच जुळलं नाही, तर ‘उलगडलं नाही’ एवढंच लिहा. वेताळाचं नाव घालू नका, मिथेनचंही नको.