इनामगावची पांढर आणि बदललेला प्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, इनामगावची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ साली तिथे खणायला सुरुवात केली आणि पुढची जवळपास दीड दशकं काम चाललं. १३० हून अधिक घरं उघडी झाली. एवढी घरं हाती आली ती खणण्याआधी प्रश्न बदलला म्हणून, असं माझं मत आहे. १९५०-५१ साली प्रवरेकाठच्या जोर्व्याला आणि पुढे नेवाशाला उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनांच्या आधी या भागात कोण आणि कधी राहत होतं, हेच ठाऊक नव्हतं. त्या प्रश्नाला उभा, खोल खड्डा पुरतो. प्रत्येक थरातली खापरं वेगळी ठेवली की काळाचा क्रम लागतो. पण अशा खड्ड्यात चूल दिसली तरी अख्खं घर दिसत नाही, आणि घर दिसलं तरी शेजार दिसत नाही. इनामगावला सांकळिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांना वेगळंच विचारायचं होतं: इथले शेतकरी जगत कसे होते, आणि सगळे सारखे होते का? म्हणून खणणं आडवं पसरलं. इ. स. पू. १४०० ते १००० या काळातल्या चौकोनी घरांत एक घर पाच खोल्यांचं निघालं. त्याला लागून धान्याचं कोठार होतं. त्यात पेव होतं, कणग्या ठेवायचे गोल ओटे होते. हे घर वस्तीच्या प्रमुखाचं मानलं गेलं. त्यानंतरच्या थरांत मोठी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. वस्तीची ही उतरती कळा एका खड्ड्यातून कळणं अशक्य होतं.

यावर आक्षेप असा की, प्रमुख शोधायला निघालेल्याला प्रमुख सापडणारच. पाच खोल्यांचं घर प्रमुखाचंच होतं, हे अनुमान आहे, हे मान्य. पण सगळी घरं सारखी निघाली असती तर उत्तर ‘भेद नव्हता’ असं आलं असतं. नकाराला जागा ठेवणारा प्रश्न पुरावा वाकवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आधी ठरवलेला प्रश्न अनपेक्षिताकडे डोळेझाक करतो. इथे उलट घडलं. घरांच्या जमिनी पूर्ण उघडल्यामुळे त्यांच्याखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली मुलं सापडली. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखालचे पाय नव्हते. असा एकच सांगाडा मिळाला असता तर अपघात म्हणून सोडून दिला असता. एकाच वस्तीत पुन्हा पुन्हा दिसल्यावर ती रीत ठरली. आणि रीत ठरली, म्हणूनच तिला सोडून केलेलं एक दफन नजरेत भरलं. चार पायांच्या, न भाजलेल्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेल्या त्या पुरुषाचे पाय शाबूत होते. त्याला ही सूट का मिळाली, हे विचारताना संशोधक पुन्हा वस्तीतल्या मानपानाच्या प्रश्नाशीच येऊन पोचले, आणि या वेळी दफनाचा पुरावा त्यांच्या हाती होता.