आकाशक मेलक
हौशी रेडिओ केंद्रात प्रेषकाचा संरोध आकाशकाशी जुळविणारी वेटोळे व चल धारित्र यांची जोडणी. तिचे मूळ ऑलिव्हर लॉज यांच्या १८९७ च्या एकस्वात आढळते. आकाशकाच्या मंडलात वेटोळे घालून इष्ट कंप्रता निवडण्याची कल्पना त्यात होती. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी प्रेषकांना २०० मी. व त्याहून आखूड, म्हणजे तेव्हा निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या तरंगलांब्यांत लोटले. तेथेच प्रयोग करीत त्यांनी नोव्हेंबर १९२३ मध्ये सु. १०० मी. तरंगलांबीवर अटलांटिकपार दुतर्फी संपर्क साधला. पुढे एकच तार अनेक पट्ट्यांवर वापरण्यासाठी मेलक उपयोगी ठरला. मात्र प्रेषकाजवळ ठेवलेल्या मेलकाने प्रेषकाचे समाधान होते एवढेच. तेथून आकाशकापर्यंतच्या तारेतील परावर्तित तरंग व त्यांमुळे वाढणारा ऊर्जाव्यय कायम राहतो.