मेढेकोट: कुजून गेलेलं लाकूड पुरातत्त्वज्ञांना दिसतं कसं?

गावाभोवती लाकडी खांब रोवून केलेल्या तटाला मराठीत मेढेकोट म्हणतात. दगडी किल्ला शतकानुशतकं टिकतो, पण मेढेकोटाला वाळवी आणि पाऊस फार वर्षं टिकू देत नाहीत. मग हजारो वर्षांपूर्वी इथे खांब होते, हे कळतं कशावरून?

खड्ड्यावरून. खांब कुजला की त्या जागी वेगळी माती भरते, बहुधा गडद आणि भुसभुशीत. खोदताना थर सपाट खरवडला, हलकं पाणी मारलं की गोल डाग उठून दिसतात. एकट्या डागाला अर्थ नाही. डाग गोलात असतील तर झोपडी. वस्तीच्या कडेने लांबच लांब ओळ असेल तर मेढेकोट. आपल्याकडे अडचण काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, वरचं खाली जातं आणि डाग पुसट होतात.

यवतमाळच्या बाभुळगाव तालुक्यातलं पाचखेड बघा. नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये तिथलं टेकाड खोदलं, तेव्हा लोहयुगातल्या घराची गोल चुनखडीची जमीन आणि भोवती लाकडी खांबांच्या खुणा मिळाल्या. हे खांब घराचे, गावकोटाचे नव्हेत. पण वाचायची रीत तीच. महाराष्ट्रात वस्तीच्या संरक्षणाचा जुना पुरावा शिरूर तालुक्यातल्या इनामगावचा, तोही दगडमातीचा बांध आणि खंदक असा. खरा लाकडी तट बघायचा तर पोलंडमधलं बिस्कुपिन. दलदलीत ऑक्सिजन पोचला नाही म्हणून ओंडकेच शिल्लक राहिले. वर्तुळं मोजून त्यांच्या तोडणीचा हंगामसुद्धा कळला, इ.स.पू. ७३८-७३७ चा हिवाळा!

पाचखेडला ती सोय नाही. तिथले नमुने दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात गेले आणि वय सुमारे ३००० वर्षं निघालं. कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे एवढ्या काळात साधारण ७० टक्के उरतो. त्वरकात त्याचे अणू थेट मोजतात, त्यामुळे काही मिलिग्रॅम कोळसा पुरतो. मात्र जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा वय वाढवून सांगतो. जळालेलं धान्य मिळालं तर ते केव्हाही बरं.

अशा टेकाडांना गावात पांढरी म्हणतात आणि तिथली माती शेतात टाकायला नेतात. जेसीबीच्या एका फेरीत फूटभर थर जातो. भांड्याचे तुकडे निदान ट्रॉलीत तरी दिसतात, खांबाचा खड्डा मात्र माती हलली की उरतच नाही.