काचेकडून प्लॅस्टिककडे: गाडीचा दिवा धुरकट का होतो आणि त्याला ‘कल्हई’ कशी करावी

१/ बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. एका टोकाला मोरोपंतांची बारामती, दुसऱ्या टोकाला शहाजीराजांच्या जहागिरीतले इंदापूर. दरवर्षी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी सणसर, निमगाव केतकी करीत याच वाटेने इंदापुरात येते. आजचा धागा मात्र या रस्त्यावर रात्री चालणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांविषयी आहे.

२/ दिवाळीच्या सुमारास माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. त्यांतील कित्येकांच्या मागे ना दिवा असतो, ना चमकणारी पट्टी. अशा वेळी पुढची ट्रॉली किती अंतरावरून दिसणार, हे सर्वस्वी आपल्या गाडीच्या दिव्यावर अवलंबून असते.

३/ आणि नेमका तो दिवा, गाडीला आठ-दहा वर्षे झाली की, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखा पिवळट आणि धुरकट होतो. आजोबांच्या फियाटचा दिवा चाळीस वर्षांनंतरही स्वच्छ होता. मग आजच्या, कितीतरी प्रगत गाडीचा दिवा इतक्या लवकर का म्हातारा व्हावा? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात आहे, तितकेच इतिहासातही आहे.

४/ प्रारंभ बैलगाडीपासून करू. रात्रीच्या प्रवासात गाडीला कंदील टांगलेला असे. त्याच्या उजेडात पुढचा रस्ता फारसा दिसत नसे. तशी गरजही नव्हती. बैल वाट ओळखत आणि वेग माणसाच्या चालीइतकाच होता. कंदिलाचे मुख्य काम होते ते इतरांना गाडी दिसावी हे. मोटार आली आणि हे गणित पालटले. वेग वाढल्याबरोबर चालकाला पुढचे शे-दोनशे फूट आधीच दिसणे आवश्यक ठरले.

५/ आरंभीच्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कॅल्शियम कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो प्रखर पांढऱ्या ज्योतीने जळतो. पुढे १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र आले. ज्योत गेली, बल्ब आला. दिव्याच्या तोंडावरचे आवरण मात्र काचेचेच राहिले.

६/ ही काच केवळ झाकण नव्हती. मागच्या परावर्तकावरून, म्हणजे रिफ्लेक्टरवरून येणारा झोत रस्त्यावर नीट पसरावा म्हणून तिच्या आतल्या बाजूस उभ्या-आडव्या रेघा घडवलेल्या असत. १९४० पासून अमेरिकेत तर सर्व मोटारींना एकाच मापाचे, सात इंच व्यासाचे, गोल आणि कायमचे बंद केलेले काचेचे दिवे बसू लागले. तार जळाली की अख्खा दिवा बदलावा लागे. गैरसोय होती, पण प्रत्येक वेळी काच नवी मिळे.

७/ आता पुन्हा इंदापूर तालुक्यात येऊ. कळंबजवळच्या माळरानावर, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याच्या भरवशावर, ज्या उद्योजकाने साखर कारखाना आणि त्याभोवती एक वसाहत उभी केली, त्याचे नाव वालचंद हिराचंद. जन्म सोलापूरचा, १८८२ चा. त्यांच्या नावाचे वालचंदनगर आजही तेथे आहे.

८/ याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. त्यांच्या कंपनीची इटालियन बनावटीची ‘फियाट ११००’ आणि पुढे तिचाच अवतार असलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ महाराष्ट्राच्या घराघरांत ओळखीची झाली. २०२३ पर्यंत मुंबईत धावलेली काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. थोडक्यात, मराठी माणसाच्या स्मरणातल्या मोटारीचे एक मूळ इंदापूर तालुक्याशी जोडलेले आहे.

९/ पद्मिनीचे दिवे गोल आणि काचेचे होते. काच उन्हाने पिवळी पडत नाही. धुळीचे कण तिला सहज ओरखडत नाहीत. तिचा शत्रू एकच, उडून आलेला दगड. त्या काळी दिवा मंद झालाच तर दोष बहुधा आत असे: ओल शिरून परावर्तकाचा चकचकीत मुलामा उडालेला असे किंवा तारांच्या जोडांवर गंज चढलेला असे. बाहेरची काच ओल्या फडक्याने पुसली की काम भागे. दिवा ‘पुसणे’ एवढेच त्या पिढीला ठाऊक होते. दिवा ‘घासणे’ नव्हे.

१०/ दरम्यान, प्रयोगशाळेत एक वेगळीच गोष्ट घडत होती. पॉलिकार्बोनेट हे द्रव्य आल्फ्रेड आइनहॉर्न या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या हाती १८९८ मध्येच आले होते. पण त्याचा उपयोग कोणी ओळखला नाही. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचे हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, अवघ्या आठवड्याच्या अंतराने ते पुन्हा शोधले.

११/ हे प्लॅस्टिक विलक्षण होते. काचेसारखे पारदर्शक, वजनाने काचेच्या निम्मे आणि आघाताने सहसा न फुटणारे. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक गोळा याचाच होता. आपण गाणी ऐकली त्या सीडीही याच्याच. साच्यात ओतून त्याला हवा तो आकार देता येतो. मोटारीच्या इतिहासात हाच गुण निर्णायक ठरला.

१२/ १९७३ च्या तेलसंकटानंतर कमी इंधनात अधिक अंतर कापण्याची निकड निर्माण झाली. वाऱ्याला अडवणारे सपाट, गोल दिवे आता खटकू लागले. गाडीच्या नाकाडाशी एकजीव होणारा, मागे वळलेला दिवा काचेत घडवणे जड आणि महाग होते, प्लॅस्टिकमध्ये सोपे. फोर्ड कंपनीने अमेरिकी सरकारकडे परवानगी मागितली, १९८३ मध्ये ती मिळाली आणि १९८४ च्या ‘लिंकन मार्क ७’ या गाडीवर नवे दिवे झळकले. युरोपाने १९९० च्या दशकात तीच वाट धरली.

१३/ भारतात १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी बनावटीच्या गाड्या येऊ लागल्या आणि त्यांच्यासोबत हे घडीव दिवेही आले. काचेचा गोल दिवा हळूहळू मागे पडला. डौल वाढला, वजन घटले, अपघातात पादचाऱ्याला काच लागण्याचे भय उरले नाही. या साऱ्याची किंमत काय, हे कळायला मात्र काही वर्षे जावी लागली.

१४/ पॉलिकार्बोनेटला दोन वैरी. पहिला वैरी ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात. त्यातून पिवळसर संयुगे तयार होतात आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात. दुसरा वैरी धूळ, कारण हे प्लॅस्टिक चिवट असले तरी काचेइतके कठीण नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर केसाहूनही पातळ असा कठीण, अतिनील किरण अडवणारा थर चढवतात. दिव्याचे आयुष्य म्हणजे वास्तविक या थराचे आयुष्य.

१५/ बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस थोडा, ऊन फार आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या पुष्कळ. शेतरस्त्यांची बारीक माती वाऱ्यावर असतेच. वेगात ती दिव्यावर पॉलिश पेपरसारखी घासते. वरचा थर झिजला की ऊन थेट प्लॅस्टिकपर्यंत पोहोचते. मग प्रकाश सरळ जाण्याऐवजी विखुरतो: आपल्याला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

१६/ येथे आपल्या घरातील एक जुनी कारागिरी आठवावी. पितळेचे पातेले नुसते घासून लखलखीत केले तरी त्यात ताक किंवा आमटी ठेवता येत नसे; आंबट पदार्थ कळकत. म्हणून कल्हईवाला भांडे आधी स्वच्छ घासून घेई, तापवी, नवसागर भुरभुरवी आणि मग कापसाच्या बोळ्याने कथिलाचा पातळ थर सर्वत्र फिरवी. घासणे ही पूर्वतयारी होती. खरे काम कल्हईचे. शस्त्रांना झिलई देणारे शिकलगारही पाते उजळून ते कोरडे सोडत नसत, तेलाचा हात फिरवीत.

१७/ धुरकट दिव्याचा उपाय तंतोतंत याच न्यायाने चालतो. प्रथम परीक्षा करा. दिव्यावर पाणी ओता. ओला असताना तो स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घरी दुरुस्त होईल. तरीही धूसर दिसला, आत पाण्याचे थेंब असले किंवा खोल तडे असले, तर घासून उपयोग नाही. जुन्या गाडीचा दिवा काचेचा असेल, तर त्याला वॉटर पेपर लावूच नका.

१८/ दिवा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवा. मग वॉटर पेपर सतत ओला ठेवून हलक्या हाताने घासा: थर फार खराब असेल तर ८०० नंबरपासून, एरवी १००० पासून, पुढे १५००, २००० आणि शेवटी ३०००. प्रारंभी पिवळट पाणी वाहील; ते दुधासारखे पांढरे झाले की जुना थर निघाला. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे राहिले का ते कळते.

१९/ या टप्प्यावर दिवा पूर्वीपेक्षाही धूसर दिसतो. घाबरू नये. मऊ कापडाने रबिंग कंपाउंड लावून घासले की पारदर्शकता परत येते. ड्रिलला पॅड लावून घासणार असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. उष्णतेने प्लॅस्टिक मऊ पडते.

२०/ आता कल्हई. पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करा आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणाऱ्या, हेडलाइटसाठीच बनवलेल्या क्लिअर कोटचे दोन पातळ थर द्या. वारा पडलेल्या सकाळी, सावलीत, धूळ नसलेल्या जागी हे काम करावे. हार्डनर मिसळलेला कोट असेल तर त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते. मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच फवारा. हा थर न देता थांबलात, तर जुने संरक्षण आपणच काढून टाकल्याने दिवा काही महिन्यांत पुन्हा पिवळा होईल.

२१/ झटपट उपायांविषयी दोन शब्द. टूथपेस्टमध्ये सौम्य घासणारे कण असतात. त्यामुळे चमक येते, पण संरक्षण मिळत नाही. डास पळवणाऱ्या काही फवाऱ्यांतील डीट हे द्रव्य प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते. क्षणभर चकाकी, पुढे चिरा. पेट्रोल आणि थिनर तर पॉलिकार्बोनेटला तडे पाडतात. हे तिन्ही म्हणजे कल्हईविना घासलेले पातेले.

२२/ हे सारे कशासाठी? अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या मोटारचालक संघटनेने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत, खराब झालेले दिवे नव्याच्या तुलनेत अवघा २० टक्के प्रकाश देतात असे आढळले. दुरुस्तीनंतर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. म्हणजे लाभ मोठा, पण पूर्ण नाही. आतला परावर्तक जळाला असेल किंवा तडे गेले असतील, तर दिवा बदलणे हाच मार्ग.

२३/ आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओच्या तीनचाकी ‘आपे’ आणि २०१२ पासून ‘व्हेस्पा’ तयार होतात. वालचंदांच्या काळी मोटार मुंबईत बनून येथे येई. आता वाहन याच मातीतून जगाकडे जाते. मात्र कंदिलापासून पॉलिकार्बोनेटपर्यंतच्या प्रवासात प्रत्येक नव्या दिव्याने आपल्यासोबत एक नवी निगा आणली. कंदिलाची काच रोज राखेने पुसावी लागे, कार्बाइडच्या दिव्यातला चुन्याचा गाळ काढावा लागे. काचेच्या दिव्याने आपल्याला काही दशके निवांत ठेवले, एवढेच.

२४/ गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीचा एखादा रविवार या कामासाठी काढावा. भवानीनगरच्या वळणावर, बिनदिव्याच्या ट्रॉलीच्या शेवटच्या मोळीवर कोणी दमून बसलेले असते. तो माणूस आपल्याला वेळेत दिसावा, यासाठी एवढा खटाटोप.

धागा समाप्त. आपल्या घरी फियाट, पद्मिनी किंवा जुन्या जीपचा काचेचा दिवा जपलेला असेल, तर त्याचे छायाचित्र आणि गाडीचे साल खाली अवश्य जोडावे.